तो उभा होता ती जागा

ओर्हुस, १४ जानेवारी १९९४

ती. स्व. बोडिलताईस,
विबेकेचा सा. न. वि. वि.

तुझी हेरिंग माशांची बरणी पोचली. झाकण तू नेहमीप्रमाणे कुस्ती खेळल्यासारखं लावलं होतंस. उघडायला खालच्या मजल्यावरच्या सुताराला बोलवावं लागलं आणि अर्धी हेरिंग त्याच्या पोटात गेली. गुडघा कसा आहे? बर्फावरून किनाऱ्यावर जाऊ नकोस असं मी सांगणार आणि तू जाणारच, म्हणून सांगत नाही.

आता खरी बातमी. सोमवारी मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावून चांगल्या कपात कॉफी दिली. चांगला कप निघाला की समजावं, गळ्यात काहीतरी पडणार. म्हणाले, येत्या मे महिन्यात प्रेबेन हॉल्स्ट ऐंशी वर्षांचे होतात. शाळेने त्यांचा सत्कार करायचा ठरवलाय. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी त्यांच्या जुन्या चित्रांवरून नवीन काम करावं, त्याचं प्रदर्शन भरवावं, आणि त्यासाठी असाइनमेंट तू तयार कर, तुझ्याइतकं कल्पक इथे कुणाला जमतं. मी कप खाली ठेवला आणि पर्समध्ये रुमाल शोधायला लागले. त्यांना वाटलं, मला गहिवरून आलं.

तुला सगळं ठाऊक आहे, पण लिहिताना मला बरं वाटतं म्हणून लिहिते. चार वर्षं मी त्याच्या फोटो-स्टुडिओत उमेदवारी केली. बासष्टच्या सप्टेंबरात, रविवारी, माझ्या स्वतःच्या रोलवर, आपल्या किनाऱ्यावर नाव ओढणारे बाबा आणि इतर आठजण मी टिपले. ते चित्र त्याने स्वतःच्या नावाने छापलं. बक्षीस मिळवलं, शाळेच्या पुस्तकांत घातलं, आणि आज अख्खा देश त्याला ‘नाव ओढणारे’ म्हणून ओळखतो. वर त्याचा तो आवडता नियम! चित्रातली हालचाल डावीकडून उजवीकडे जायला हवी, डोळा वाचतो तशी. मी दक्षिणेकडे तोंड करून काढलं, म्हणून माझ्या चित्रात पश्चिमेचा समुद्र उजवीकडे होता आणि नाव डावीकडे वाळूवर चढत होती. त्याने सरळ निगेटिव्ह उलटी घातली. आरशात बघावं तसा आपला किनारा उलटा झाला, आणि तो माणूस तिथे कधी गेलेलाच नसल्यामुळे त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. मुलाखतीत सांगतो, मी उत्तरेकडे तोंड करून गुडघाभर पाण्यात उभा होतो, समोर दीपगृह होतं. समोर, उत्तरेला, दीपगृह!

तर ताई, ऐक. मुलांना मी आजवर पुष्कळ कामं दिली. एकच बंद दार बारा वेळा काढा. दिवसभर फक्त गुडघ्याच्या उंचीवरून बघा. ज्याची माफी मागायची राहिलीय त्याचं चित्र काढा, पण तो माणूस त्यात दिसता कामा नये. या वेळचं काम सगळ्यांत साधं आहे. प्रेबेन हॉल्स्ट यांचं एक चित्र घ्या. ते जिथे उभे होते ती जागा शोधा. त्याच जागी, त्याच वेळी उभे राहा आणि त्यांना जे दिसलं ते काढा. दिसलं नाही, तर का दिसलं नाही ते लिहा.

मुख्याध्यापक म्हणाले, किती आदराने विचार केलायस तू. मी म्हटलं, बत्तीस वर्षं करतेय.

गुडघ्याला गरम मीठ लाव. तुझ्या मायेवर माझा हक्क आहे असं धरूनच चालते.

तुझी,
विबेके


हॉल्मक्लिट, २३ जानेवारी १९९४

चि. विबेके हिस,
बोडिलचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. फोन करणार होते, पण फोनवर तुझ्याशी बोलायला लागलं की तूच बोलतेस, म्हणून लिहिते. झाकण घट्टच लावणार. तुझा सुतार बिनलग्नाचा असेल तर आणखी घट्ट लावीन.

तुझा बेत क्रेस्टनकाकांना सांगितला. रागावू नकोस, त्या चित्रातल्या नऊजणांपैकी आता तेच एक उरलेत. त्यांनी तोंडातला पाइप काढला आणि म्हणाले, वाईट नाही. याहून जास्त कौतुक त्यांनी स्वतःच्या लग्नातसुद्धा केलं नव्हतं.

तुला एक गंमत सांगते. ते चित्र इथे मिशनच्या सभागृहात भिंतीवर आहे, आणि ते उलटं आहे हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत आहे. बाबांची दोन बोटं गेली ती डाव्या हाताची. चित्रात उजवा हात तुटका. दीपगृह दक्षिणेला, चित्रात ते उत्तरेला जाऊन बसलंय. बत्तीस वर्षं लोक त्याखाली कॉफी पितात आणि हसतात. कुणी बाहेर बोललं का नाही, असं मी काकांना विचारलं. ते म्हणाले, कुणी विचारलंच नाही. आणि शहरातल्यांना तसंच आवडत असेल.

आईला मात्र हसू येत नसे. बाबा बुडाले त्यानंतर तिच्याकडे त्यांचं तेवढंच चित्र होतं, मासिकातून कापलेलं. ते घेऊन ती न्हाणीघरातल्या आरशासमोर उभी राहायची. आरशात बाबा सुलटे दिसायचे. खाली छापलेलं असायचं, अज्ञात मच्छीमार. तेवढं ती अंगठ्याने झाकायची.

तेव्हा त्या माणसाचा राग करायला मला तू शिकवायला नकोस. पण एक गोष्ट मला कधी कळली नाही, आणि आता विचारतेच. तू तेव्हा का बोलली नाहीस? तू भित्री नव्हतीस. पाद्रीबाबांना तोंडावर उत्तर देणारी पोर तू.

थंडी फार आहे. मोजे विणून ठेवलेत. आहे ती माया आहे तशीच, तिची तू काळजी करू नकोस.

बोडिल


ओर्हुस, २० फेब्रुवारी १९९४

ती. स्व. बोडिलताईस,
विबेकेचा सा. न. वि. वि.

मोजे पोचले. एक मोठा, एक लहान. तू विणताना कुणाला शिव्या देत होतीस?

का बोलले नाही, ते भेटीत सांगीन. उमेदवाराचं कोण ऐकतं, एवढंच आता समज.

वर्गात नऊ मुलं आहेत आणि मी नऊ चित्रं निवडली. चिठ्ठ्या फोटो धुण्याच्या ट्रेमध्ये टाकल्या आणि एकेकाला उचलायला लावल्या. ‘नाव ओढणारे’ची चिठ्ठी ट्रेमध्ये नव्हती, ती माझ्या स्वेटरच्या खिशात होती. एक मुलगी मी मुद्दाम शेवटी ठेवली, तिची पाळी आली तेव्हा चिठ्ठी हळूच ट्रेमध्ये टाकली आणि म्हटलं, उरली ती तुझी. तिने उघडली आणि तिचा चेहरा फुलला. म्हणाली, हे माझं सगळ्यांत लाडकं चित्र आहे, लहानपणी माझ्या पलंगावर टांगलेलं होतं.

तिचं नाव सिग्ने हॉल्स्ट. त्याची नात. मुलाची मुलगी, वय एकवीस.

तू आता कपाळाला आठ्या घालशील. घाल. मी खूप विचार केला. दुसऱ्या कुणी सांगितलं, तर तो म्हणेल, पोरांना कळत नाही. मी सांगितलं, तर म्हणेल, म्हातारी झाली, जळते. त्याच्याच रक्ताचं कुणीतरी वाळूत उभं राहून म्हणायला हवं की आजोबा, इथे तुम्ही उभेच नव्हता. त्याशिवाय त्याला लागणार नाही. आणि मला त्याला लागायला हवंय, ताई. थोडंसं नाही, चांगलं लागायला हवंय.

पोरगी चांगली आहे, हे मी नाकारत नाही. हात स्वच्छ, नजर तीक्ष्ण. कधी उशिरा येत नाही. मार्चच्या मध्यावर ती हॉल्मक्लिटला येईल. गावात राहायची सोय नाही, म्हणून मी तुझा पत्ता दिलाय. माझी बहीण आहेस हे तिला सांगितलंय, बाकी काही नाही. तूही सांगू नकोस. काकांनाही गप्प राहायला सांग, त्यांना ते जड जाणार नाही. तिला स्वतःच सापडू दे.

एवढं माझ्यासाठी कर. नंतर हवं तितकं बोल मला.

तुझी,
विबेके


हॉल्मक्लिट, १९ मार्च १९९४

चि. विबेके हिस,
आशीर्वाद.

तुझी विद्यार्थिनी काल परत गेली. पाच दिवस होती. बॅग एवढीशी आणि तिवई तिच्याहून उंच. पहिल्याच दिवशी न सांगता बटाटे सोलायला बसली, सालं इतकी जाड काढत होती की मी सुरी हातातून घेतली. मग ती माझ्याकडे बघून शिकली. तुझ्यापेक्षा लवकर शिकली.

मी वचन पाळलं. गप्प राहिले. पण ते सोपं नव्हतं हे तुला कळावं म्हणून सगळं लिहिते.

रोज दुपारी ती छापील चित्र हातात घेऊन किनाऱ्यावर जायची. पहिल्या दिवशी उत्तरेकडे तोंड करून उभी राहिली. आजोबांनी तसंच सांगितलं होतं. समोर नुसती वाळू आणि गवत. दुसऱ्या दिवशी वाटलं, दीपगृह हलवलं असेल, म्हणून मिशनच्या जुन्या नकाशात बघून आली. दीपगृह शंभर वर्षं जागच्या जागी आहे. तिसऱ्या दिवशी पाऊस होता, तरी ती मैलभर चालत गेली, दुसरं कुठलं दीपगृह आहे का ते बघायला. ओली चिंब होऊन आली आणि स्वयंपाकघरात बसून राय धान्याचा काळा पाव खाल्ला. मी बघत बसले. विबेके, मला तुझी लाज वाटली.

चौथ्या दिवशी ती क्रेस्टनकाकांजवळ गेली. ते नावा ओढायच्या यंत्राच्या, विंचच्या खोपटाबाहेर जाळं बघत बसले होते. तिने विचारलं, हे चित्र कुठून काढलंय ते तुम्हाला माहीत आहे का. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, आणि विचारल्यावर काका खोटं कशाला बोलतील? त्यांनी चित्र तिच्या हातातून घेतलं, मागून पुढे वळवलं, कागद सूर्याकडे धरला आणि म्हणाले, असं बघ पोरी. उजेडात पाठीमागून सगळं सुलटं दिसलं. समुद्र उजवीकडे. मग त्यांनी चित्रातल्या प्रत्येक माणसाचं नाव सांगितलं, आणि हा लाउस्ट ओडगॉर, याची डावी बोटं विंचमध्ये गेली, आणि हे काढलं ते याच्याच धाकट्या पोरीने, त्या वाळूच्या उंचवट्यावर पोटावर पडून. तू पोटावर पडली होतीस, हे मला माहीत नव्हतं.

ती घरी आली आणि फोन मागितला. मी बाहेर जायला निघाले, तर म्हणाली, थांबा. तिने आजोबांना विचारलं, तुम्ही नक्की कुठे उभे होता. तो काहीतरी बोलत राहिला. मग तिने तुझं नाव घेतलं. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. म्हणाली, आजोबा म्हणतात, बाईंना विचार, त्याच्या बदल्यात त्यांनी काय घेतलं. म्हणतात, ज्या सकाळी आजोबांनी बाईंच्या उमेदवारीच्या प्रमाणपत्रावर सही केली, त्याच सकाळी बाईंनी अख्खा रोल आपण होऊन टेबलावर ठेवला.

हे खरं आहे का? मला भेटीत वगैरे नको. कागदावर लिही.

कारण आता मी तुला एक सांगते, जे आजवर सांगितलं नाही, तुला वाईट वाटेल म्हणून. बाबा गेल्यावर फेब्रुवारीत आईने त्या माणसाला पत्र लिहिलं होतं. तिच्या अक्षराची तिला लाज वाटायची, म्हणून मी लिहिलं, तिने सांगितलं. चित्राची एक प्रत द्यावी, आणि त्याच रोलवर आमच्या माणसाचं आणखी काही असेल तर तेही बघायला मिळावं, एवढीच विनंती. उत्तर आलं टाइप केलेलं, चार ओळी. खाजगी व्यक्तींना प्रती देण्याची पद्धत नाही. आई म्हणाली, मोठी माणसं, कामात असतील.

पोरीला मी हे सगळं सांगितलं. तुला दिलेलं वचन मी तिथे मोडलं आणि मला त्याचं काही वाटत नाही.

बोडिल


ओर्हुस, २५ मार्च १९९४

ती. स्व. ताई,
सा. न. वि. वि.

हो. खरं आहे.

त्याने मला बोलावलं. टेबलावर एका बाजूला माझं प्रमाणपत्र होतं, दुसऱ्या बाजूला छापलेलं चित्र. म्हणाला, उमेदवाराने काढलेलं ते मालकाचं, ही या धंद्याची रीत आहे. मी म्हटलं, तो रविवार होता आणि रोल माझा होता. तो म्हणाला, मग रोल घेऊन घरी जा आणि मासे साफ कर. चार वर्षं, ताई! चार वर्षं त्याची भांडी धुतली होती, रसायनांनी हाताची कातडी गेली होती. सही नसती तर मला देशात कुणी दारात उभं केलं नसतं. मी रोल ठेवला. बाराच्या बारा चित्रं. वीस वर्षांची होते.

आईच्या पत्राबद्दल मला आज, तुझ्याकडून, पहिल्यांदा कळतंय. वाचून मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. मला माहीत असतं तर मी त्याचा स्टुडिओ पेटवला असता. तू मला सांगितलं का नाहीस?

पण याने काय बदललं? चोर तो. मी थांबणार नाही. उलट आता आईचंही देणं त्याच्याकडून वसूल करायचंय. सिग्ने सोमवारी वर्गात आली, माझ्याकडे सरळ बघून म्हणाली की काम पूर्ण करणार आणि काय लिहायचं ते स्वतः ठरवणार, आधी दाखवणार नाही. मी म्हटलं, जरूर. मी मुद्दामच बघणार नाहीये. तिच्या लेखणीतून जे येईल ते त्याच्या उरावर बसेल, आणि मी समोर उभी राहून बघेन.

रागावली असशील तरी मोजे घातलेत तुझे, दोन्ही.

तुझी,
विबेके


ओर्हुस, ३ मे १९९४

प्रिय बोडिलकाकू यांस,
सप्रेम नमस्कार.

बटाटे आता पातळ सोलते. आईने विचारलं, कुठे शिकलीस.

एक विनंती. क्रेस्टनकाकांनी सांगितलेली नऊ नावं मी लिहून घेतली आहेत, ती बरोबर आहेत का बघा, वेगळ्या कागदावर जोडली आहेत. आणि तुमच्या आईचं पूर्ण नाव कळवा.

आजोबांशी मी पुन्हा बोलले. त्यांनी आधी आरडाओरडा केला, मग कपाटातून एक पाकीट काढून माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाले, घेऊन जा, मला घरात नको. त्यात तो रोल आहे आणि काही कागद. मी कागद वाचले. प्रदर्शन झालं की पाकीट तुम्हाला पाठवीन. बाईंना नाही, तुम्हाला. का, ते उघडल्यावर कळेल.

मला ओरडू नका, पण मला तुमची आठवण येते.

तुमची,
सिग्ने


ओर्हुस, १६ मे १९९४

ती. स्व. बोडिलताईस,
विबेकेचा सा. न. वि. वि.

तू उत्तर दिलं नाहीस तरी मी लिहिणार, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगायचं?

शनिवारी झालं. शाळेसमोर झेंडा चढवला होता. आत लांब टेबलं, थरांचे केक, प्रत्येक ताटलीजवळ गाण्याचा छापील कागद. मुख्याध्यापकांनी स्वतः सात कडव्यांचं गाणं रचलं होतं, सत्कारमूर्तीच्या आयुष्यावर, जुन्या चालीवर. प्रेबेन निळ्या सुटात, छातीवर फूल. मला बघून मान हलवली, जणू मी अजून त्याची फरशी पुसते.

चित्रं भिंतीवर टांगलेली होती. सिग्नेचं शेवटच्या कोपऱ्यात. तिने तेच चित्र नव्याने काढलं होतं, पोटावर पडून, त्याच उंचवट्यावरून. समुद्र उजवीकडे, दीपगृह डावीकडे, आणि मधे कुणीच नाही, रिकामी वाळू. शेजारी त्याचं जुनं चित्र. खाली नऊ नावं आणि एक लहान पाटी. लोक हातात पेले घेऊन तिथे जात होते आणि भरलेले पेले तसेच घेऊन परत येत होते. मी लांबूनच बघत होते. चेहरे बघायला मिळत होते, तेवढं मला पुरेसं होतं. त्याचा मुलगा वाचून आला आणि त्याने कोट घेतला. मुख्याध्यापकांनी वाचलं आणि ते कानापर्यंत लाल झाले. ताई, मला आनंद झाला. खोटं का बोलू? पोटभर जेवल्यासारखा आनंद झाला.

मग रीत म्हणून गाणं सुरू झालं. तीन कडवी लोकांनी कशीबशी म्हटली. चौथं कडवं ‘नाव ओढणारे’वर होतं, थंड पाण्यात गुडघाभर उभ्या राहिलेल्या शूर कलावंताबद्दल. सगळा हॉल गप्प झाला. तेव्हा मी उभी राहिले आणि ते कडवं म्हटलं. एकटीने, खणखणीत, शेवटच्या शब्दापर्यंत. तो माझ्याकडे बघत होता. बत्तीस वर्षांनी पहिल्यांदा त्याने मला बघितलं असं वाटलं.

संपल्यावर तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आवाज छान आहे, पण पाटी पूर्ण वाचलीस का?

मी गेले आणि वाचली. तुला ती पाठ असेल कदाचित, तुझ्याशिवाय सिग्नेला कोण सांगणार. काढलं विबेके ओडगॉर यांनी. देऊन टाकलं त्यांनीच. ठेवून घेतलं माझ्या आजोबांनी. मागितलं आने ओडगॉर यांनी, चित्रातल्या माणसाच्या पत्नीने. मिळालं नाही.

पुढचं मला नीट आठवत नाही. त्याला मुलाने हात धरून नेलं. केक तसाच राहिला. रविवारी वर्तमानपत्रात आलं, पुढच्या आवृत्तीत पुस्तकात माझं नाव येणार, असं प्रकाशकांनी कळवलंय. तो घराबाहेर पडत नाही म्हणतात. म्हणजे जे हवं होतं ते सगळं झालं.

सिग्नेला मी तेरा गुण दिले. तुला ठाऊक आहे, बारा असे नसतातच आपल्याकडे, अकराच्या वर एकदम तेरा, आणि तेही ज्याने शिक्षकाला मागे टाकलं त्यालाच. वीस वर्षांत मी कुणाला दिले नव्हते. तिने कागद घेतला, आभार मानले आणि सांगितलं की पुढच्या वर्षी ती दुसऱ्या शाळेत जातेय.

आता कामाचं. रोल तिने तुला पाठवला असं कळलं. तो मला लगेच पाठव, हाताळू नकोस, बोटांचे ठसे उठतात. प्रकाशकांना चित्र सुलटं छापायचंय, माझ्या नावाने. बाबांचंही नाव घालू, मी त्यांना बजावलंय. झालं ते झालं, आता तरी आपण दोघी एका बाजूला आहोत ना?

उत्तराची आणि मायेची वाट बघतेय.

तुझी,
विबेके


हॉल्मक्लिट, २४ मे १९९४

विबेके,

पाकीट पोचलं. रोल मी तालुक्याच्या फोटोवाल्याकडे नेला आणि बाराही चित्रं काढून आणली. क्रेस्टनकाका बघायला आले होते, टोपी काढून बसले.

सहाव्यात आई आहे. हातात कॉफीची किटली, केस वाऱ्याने तोंडावर आलेले, आणि हसतेय. बाबा बाजूला, डावा हात तिच्या खांद्यावर, तीन बोटांचा. आईला हसताना काढलेलं दुसरं एकही चित्र आपल्या घरात नाही. त्यानंतर ती एकोणीस वर्षं जगली. हे असं काही आहे, याचा तिला पत्ताही नव्हता.

पाकिटात आईचं पत्रही होतं, माझ्या अक्षरातलं, आणि त्याला गेलेल्या उत्तराची कार्बन प्रत. मूळ उत्तर आईच्या बायबलमध्ये आहे, मी ते काढून शेजारी ठेवलं. इतकी वर्षं मी फक्त वरच्या चार ओळी वाचत आले. खाली डाव्या कोपऱ्यात, कचेऱ्यांत घालतात तशी, बारीक अक्षरं आहेत. आधी सांगणाऱ्याची, मग टाइप करणाऱ्याची. प्रे. ह., वि. ओ.

सही मिळाल्यावरही तू त्याच्याच कचेरीत होतीस, आणि आईचं पत्र तूच उघडलंस. माझं अक्षर तू ओळखलंस. त्याने सांगितलं आणि तू आईला टाइप करून कळवलंस की खाजगी व्यक्तींना प्रती देण्याची पद्धत नाही. मग पाकिटावर आपल्याच घराचा पत्ता घातलास. आणि दोन महिन्यांपूर्वी मला लिहिलंस की तुला आज पहिल्यांदा कळतंय, तू स्टुडिओ पेटवला असतास.

पोरीने हे प्रदर्शनाच्या आधी वाचलं होतं. पाटीवर तिने ते लिहिलं नाही. तुझ्यावर तिने तेवढी दया केली, ती तुला कळावी म्हणून सांगते.

रोल मिळणार नाही. प्रकाशकांना कळव की चित्र आने ओडगॉर यांच्या घरी आहे, आणि बाहेरच्या व्यक्तींना प्रती देण्याची इथे पद्धत नाही. तुला बघायचं असेल तर ये. हात धुऊन टेबलाशी बसायचं, सहावं चित्र बघायचं, आणि परत जायचं.

मोजे विणणार नाही.

तुझी बहीण, कारण ते काही बदलता येत नाही,
बोडिल